पंखा कधी लावला

दुकानात सगळे त्यांना भाऊजी म्हणत. खरं तर ते फक्त मालकाचे भाऊजी, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण मालक दिवसातून पन्नास वेळा "भाऊजी, गाडी आत घ्या", "भाऊजी, पट्टे आवळा" असा पुकारा करायचा. ते ऐकून फिटर, सुटे भाग आणून टाकणारा टेम्पोवाला, इतकंच काय, वयाने त्यांच्याहून मोठी असलेली गिऱ्हाइकंसुद्धा त्यांना भाऊजी म्हणू लागली. "एकाच लग्नात एवढे मेव्हणे मिळालेला माणूस जगात मी एकटाच असेन," असं ते सुरुवातीला बायकोला सांगत. आता तेही सांगत नसत. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला एकच विनोद किती दिवस पुरवायचा?

दुकान होतं गाड्यांना जोर आणण्याचं. रुंद चाकं, घुमणारे सायलेन्सर, आणि सगळ्यात जास्त खपणारी वस्तू म्हणजे थंड हवेचा इनटेक. कंपनीने गाडीबरोबर दिलेला फिल्टरचा काळा डबा काढून टाकायचा, त्याच्या जागी चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पाइप बसवायचा आणि पाइपाच्या टोकाला लाल कापडी घड्यांचा शंकूसारखा फिल्टर. हा फिल्टर जायचा खाली, बंपरच्या मागे, जिथे इंजिनाची धग पोहोचत नाही. थंड हवा दाट असते, दाट हवेत प्राणवायू जास्त, म्हणजे इंधन नेटाने जळतं आणि ताकद वाढते. मालक गिऱ्हाइकाला हेच आपल्या पद्धतीने सांगायचा, "साहेब, तुमची गाडी तोंडावर रजई घेऊन पळतेय. आपण फक्त रजई काढायची."

या तत्त्वाशी भाऊजींचं काही भांडण नव्हतं. तत्त्व खरंच होतं. त्यांचा सगळा त्रास एकाच शब्दापाशी होता. किती?

कारण ते 'किती' सांगणं हेच त्यांचं काम होतं. दुकानाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिच्या जमिनीत खड्डा, खड्ड्यात लोखंडाचे दोन जाडजूड रोलर. गाडीची पुढची चाकं रोलरवर चढवायची, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी जमिनीतल्या कड्यांना जखडायची, आणि आत बसून चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवायचा. गाडी जागची हलत नाही, पण रोलर भन्नाट फिरतात, आणि ते किती झपाट्याने वेग घेतात त्यावरून बाजूचा संगणक चाकांवरची ताकद काढून कागदावर छापतो. इनटेक बसवण्याआधी एक कागद, बसवल्यावर दुसरा. गिऱ्हाईक दोन्ही कागद शेजारी शेजारी धरायचं आणि हरखून जायचं.

पट्टे आवळायला दिवसातून तीस-चाळीस वेळा खाली वाकावं लागे. गुडघे बोलायला लागले होते. डावा कान तर जवळजवळ गेलाच होता. जेवताना बायको न सांगता त्यांच्या उजव्या हाताला बसायची.

या दुकानात येण्याआधी तेवीस वर्षं भाऊजी पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. तिथेही कामाची जागा चाचणीचीच. पंप चालवून बघायचा, पाणी किती उंच चढतं ते मोजायचं, आणि बरोबर भरला तर आपला शिक्का मारायचा. नाही भरला तर परत. माल अडला म्हणून एकदा मोठे साहेब स्वतः डोक्यावर येऊन उभे राहिले होते, "पाव मीटरने काय होतंय?" म्हणाले. भाऊजींनी शिक्का खिशात घातला आणि सांगितलं, "साहेब, तुम्हीच मारा." साहेबांनी मारला नाही. ही गोष्ट ते पूर्वी जेवताना घोळवून घोळवून सांगत.

मग कारखाना बंद पडला. आठ महिने भाऊजी घरी होते. वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायचे आणि दुपारी नळांचे वायसर बदलायचे, गळत नसलेल्या नळांचेसुद्धा. एके दिवशी बायको भावाकडे जाऊन आली. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याचं न्हाऊखाऊ, शाळा, आजारपण सगळं तिनेच काढलेलं. ती त्याच्याशी काय बोलली हे भाऊजींनी कधी विचारलं नाही. पुढच्या सोमवारी ते रोलरच्या खोलीत उभे होते.

पहिले काही महिने त्यांनी सरळ मोजलं. दीड हॉर्सपॉवर. दोन. एकदा तर काही वाढलंच नाही, उलट पाऊण उतरली. गिऱ्हाइकाचा चेहरा पडायचा आणि त्याच्यामागे मालकाचाही. शेवटी एक दिवस मालक खोलीत आला आणि गाडीपुढच्या मोठ्या पंख्याकडे बघत म्हणाला, "भाऊजी, पहिल्या वेळी हा पंखा कशाला लावता? रस्त्यावर गाडीपुढे कुणी पंखा धरून पळतं का?"

"रस्त्यावर वारा असतो. त्याच्याऐवजी हा," भाऊजी म्हणाले.

"मग दुसऱ्या वेळी लावा की. मी कुठे नको म्हणतोय?"

पुढच्या गाडीला भाऊजींनी पहिल्या वेळी पंखा लावला नाही. तिथून सुरुवात झाली. पहिला कागद काढायचा तो गाडी तापलेली असताना, बॉनेट बंद, पंखा बंद. मग इनटेक बसवायला तासभर लागतो, तेवढ्यात इंजिन निवतं. दुसरा कागद बॉनेट उघडं टाकून आणि पंखा पूर्ण सोडून. पाच-सहा हॉर्सपॉवर कुठे जात नाहीत. त्यातली इनटेकची किती आणि पंख्याची किती हे विचारायला कोण बसलंय? खोटं म्हणून एकही आकडा नव्हता. रोलर खोटं बोलत नव्हते, संगणक खोटं बोलत नव्हता. भाऊजींनी स्वतःला हे इतक्यांदा सांगितलं की पुढे सांगावंही लागेना. अकरा वर्षांत हात आपोआप चालायला लागले. पंख्याचं बटण दाबताना ते दुसरीकडे बघत, एवढंच.

त्या दिवशी दुपारी गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाई आल्या. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, पायात पांढरे बूट. त्यांच्या लहानशा गाडीच्या टपावर शिकाऊ चालकाची पाटी होती आणि आत ब्रेक नि क्लच यांची जोडी दोन्ही बाजूंना, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक बाईंच्या.

"माझी गाडी चढावर जीव सोडते," त्या म्हणाल्या. "आधीच शिकणाऱ्यांचे पाय लटपटतात, त्यात ही अशी. तिघं परीक्षेत चढावरच नापास झाले. तुमच्या या पाइपाने चढेल का, ते सांगा."

"अहो, चढेल कसली, पळत सुटेल," मालक म्हणाला आणि त्याने रजईची गोष्ट सांगितली. बाई हसल्या. पण बसायला काउंटरपाशी खुर्ची दिली तर तिथे बसल्या नाहीत. "गाडीजवळच थांबते. सवय आहे," म्हणाल्या आणि रोलरच्या खोलीत भिंतीपाशी उभ्या राहिल्या. कानाला लावायला दिलेले जाड कर्णरोधक त्यांनी मुकाट्याने चढवले.

भाऊजींनी पट्टे आवळले, आत बसले, चौथा गिअर टाकून दाब दिला. गाडी गरजली. आणि भाऊजींची नजर काट्यावर खिळली. इंजिनाचे फेरे भराभर वर चाललेले, रोलर मात्र त्या मानाने मागे राहत होते. क्षणभरच, मधल्या टप्प्यात, पण राहत होते. इंजिन जोर लावत होतं आणि तो चाकांपर्यंत पोहोचतच नव्हता. क्लचची प्लेट घसरत होती. चढावर जीव का जातो हे पहिल्या दहा सेकंदांत दिसलं. त्याला पाइप काय करणार?

ते गाडीतून उतरले. कागद छापून आला, सहासष्ट. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि काही बोलले नाहीत. क्लचचं काम दुकान करत नव्हतं. आणि अशी गोष्ट न बोलण्याची ही काही पहिली वेळ नव्हती.

फिटरने इनटेक बसवला. तासाने गाडी परत रोलरवर आली. भाऊजींनी बॉनेट उघडं ठेवलं, चालत गेले, पंख्याचं बटण दाबलं. पुन्हा गर्जना झाली, आता तर जास्तच. उघड्या फिल्टरमधून हवा ओढल्याचा घोगरा घोष खोलीभर घुमला. कागद आला, बहात्तर.

"सहा वाढली," भाऊजी म्हणाले.

बाईंनी कर्णरोधक काढून गळ्यात अडकवले. दोन्ही कागद हातात घेतले, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

"पहिल्या वेळी पंखा नव्हता," त्या म्हणाल्या.

भाऊजींना वाटलं, आपल्याला डाव्या कानाने काहीतरी भलतंच ऐकू आलं. "काय म्हणालात?"

"पहिल्या वेळी पंखा बंद होता, झाकण बंद होतं. आता पंखा चालू, झाकण उघडं." बाईंच्या आवाजात राग नव्हता. "सत्तावीस वर्षं मी लोकांच्या हातापायांकडे बघत आलेय. तोंडाने कुणी काहीही म्हणो, पाय कुठे गेला ते मला दिसतं. तुम्ही बटण दाबताना मान फिरवलीत."

सांगण्यासारखी उत्तरं भाऊजींकडे पाच-सहा होती. हवेच्या तापमानानुसार आकड्यात करायची दुरुस्ती, यंत्राची सुरक्षितता, कंपनीचे नियम. मालकाने ती सगळी पाठ करून घेतली होती. त्यांना ती आठवलीही. पण तोंड उघडून ती रचायची म्हणजे परत एकदा खाली वाकून पट्टे आवळण्यासारखं होतं, आणि तेवढं बळच त्यांना आलं नाही.

"हो," ते म्हणाले.

"मग आता पहिल्यासारखं करून दाखवा. पाइप राहू दे."

त्यांनी बॉनेट बंद केलं. पंखा बंद केला. इंजिन तापू दिलं. बाई हाताची घडी घालून उभ्या. तिसऱ्यांदा रोलर फिरले आणि कागद आला. सहासष्ट पूर्णांक चार.

बाईंनी तिन्ही कागद टेबलावर ओळीने मांडले. "म्हणजे हा पाइप चार दशांशाचा."

"तेवढी तर तीच गाडी दोनदा मोजली तरी मागेपुढे होते," भाऊजी म्हणाले. आणि एकदा बांध फुटल्यावर राहिलेलंही बाहेर आलं. "तुमचा क्लच गेलाय. पहिल्याच वेळी दिसलं होतं मला."

"क्लच? मागच्या वर्षी तर बदललाय!"

"तुमच्या गाडीचं एक वर्ष म्हणजे दुसऱ्याची सहा. दिवसभर अर्ध्या क्लचवर उभी असते ती."

बाईंनी गाडीच्या टपावरच्या पाटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं, क्लचच असेल. पण गाडी चार दिवस गॅरेजमध्ये ठेवायची म्हणजे शिकवणी बंद. म्हटलं, पाइपाने भागलं तर बरं. मीही हेच ऐकायला आले होते म्हणा ना."

तेवढ्यात मालक दारात आला. दुकानात प्रत्येक गाडीचे दोन आवाज व्हायचे. तिसरा ऐकून तो काउंटर सोडून आला होता. टेबलावरचे तीन कागद बघून त्याला काही विचारावं लागलं नाही.

गिऱ्हाइकासमोर तमाशा करणाऱ्यांतला तो नव्हता. "ताई, तुम्हाला नको असेल तर आत्ता काढून देतो," एवढंच म्हणाला आणि फिटरला हाक मारली. अर्ध्या तासात काळा डबा परत जागेवर गेला. बाई निघताना भाऊजींकडे बघून मान हलवून गेल्या. ती शाबासकी होती की कीव, भाऊजींना कळलं नाही.

गाडी फाटकाबाहेर पडली तसा मालक रोलरच्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं.

"काय हो हे, भाऊजी?"

"तिने पाहिलं."

"पाहिलं तर पाहिलं. काहीतरी सांगायचं. तुम्हाला काय नवीन आहे?"

"दमलो रे," भाऊजी म्हणाले. पट्ट्यांच्या ढिगाशेजारी एक उलटी बादली होती, तिच्यावर ते बसले. "मला आता पंखा एकदाच नाही लावता यायचा. दोन्ही वेळा लावीन, नाहीतर एकदाही नाही."

"मग मोजायचं कशाला?"

"तेच म्हणतोय मी."

मालकाने कपाळ चोळलं. तोही चाळिशी ओलांडलेला, सकाळपासून काउंटरवर बोलून बोलून घसा बसलेला. "लोक आवाजासाठी येतात हो. त्यांना गाडी गरजलेली हवी असते. पण नुसत्या आवाजासाठी एवढं केलं असं घरी कसं सांगणार? म्हणून आपण हातात एक आकडा देतो. कुणाचं काय वाईट होतं त्यात?"

"तिचे तीन विद्यार्थी चढावर नापास झाले. आणखी झाले असते."

"तुम्हाला इथे..." मालक बोलता बोलता थांबला.

"तुझ्या ताईने आणलं," वाक्य भाऊजींनीच पुरं केलं. "माहीत आहे मला. म्हणून तर अकरा वर्षं झाली."

मालक दार उघडून निघून गेला. भाऊजी बादलीवरच बसून राहिले. आता आपल्याला हलकं वाटायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. पण तसं काही वाटत नव्हतं. गुडघे दुखत होते आणि पाणी प्यायला उठायचंही जिवावर आलं होतं.

संध्याकाळी घरी बायको वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. त्यांनी चादरीची दोन टोकं धरली आणि घडी घालता घालता सगळं सांगितलं. अकरा वर्षांचं, फाटे न फोडता. तिचे हात कुठे थांबले नाहीत.

"तुला धक्का नाही बसला?" त्यांनी विचारलं.

"कारखान्यात होतात तेव्हा जेवताना पंपांशिवाय दुसरा विषय नसायचा. कान किटायचे माझे," ती म्हणाली. "तिथे गेल्यापासून एकदाही एखाद्या गाडीबद्दल बोलला नाहीत. मग मी काय समजायचं?"

"विचारलं का नाहीस?"

तिने घडी छातीशी धरली. "विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. आणि मग त्याच्याकडे जावं लागलं असतं मला. त्याला मी वाढवलाय, हो. धीरच झाला नाही." थोड्या वेळाने तिने विचारलं, "आता बोलू का त्याच्याशी?"

"नको," भाऊजी म्हणाले. "आता बोलण्यासारखं काही राहिलं नाही."

मालकाने त्यांना काढलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच सांगितलं, "तुमच्या मनासारखं मोजा." भाऊजींनी दोन महिने तसंच मोजलं. पंखा दोन्ही वेळा, बॉनेट दोन्ही वेळा उघडं, इंजिन दोन्ही वेळा सारखंच तापलेलं. एक. पावणेदोन. शून्य. एका मोठ्या इंजिनाच्या गाडीला मात्र खरोखरच चार वाढली. त्या दिवशी भाऊजींनी कितीतरी दिवसांनी जेवताना गाडीचा विषय काढला, आणि बायकोने भाजी वाढायचं सोडून ऐकलं. पण असे दिवस बोटांवर मोजण्याइतके. बाकीची गिऱ्हाइकं कागद बघून गप्प होत आणि मालक काउंटरवरून त्यांच्याकडे बघायचा टाळायचा.

तिसऱ्या महिन्यात मालकाने रोलर एका तंत्रशाळेला देऊन टाकले. शिकणाऱ्यांना कामाला येतील म्हणाला. क्रेन आली, चार माणसं आली. बोल्ट गंजले होते, ते भाऊजींनीच तेल सोडून सोडून ढिले केले, कारण कुठल्या बोल्टला आटा उलटा आहे हे त्यांनाच माहीत होतं. रोलर निघाल्यावर खड्ड्यात काळं पाणी, दोन तुटके हूक आणि कुणाचा तरी पेन सापडला. खड्ड्यावर लोखंडी पत्रा टाकला आणि तिथे गाड्या पॉलिश करायची जागा केली.

त्यानंतर जे झालं त्याने भाऊजींना खऱ्या अर्थाने थकवलं. इनटेकची विक्री काही कमी झाली नाही. पहिल्या महिन्यात थोडी मंदावली, मग होती तिथे आली. कुणी कागद मागितला नाही. लोक येत, दुसऱ्या कुणाच्या गाडीचा आवाज ऐकत आणि म्हणत, "असाच पाहिजे." म्हणजे अकरा वर्षं पट्टे आवळले, कान घालवला, मान फिरवून बटणं दाबली, त्यातल्या एकाचीही गरज नव्हती. खोटं कुणाला हवं नव्हतंच, आणि खरंही हवं नव्हतं. यावर कुणावर चिडावं तेही त्यांना कळेना. मेव्हण्यावर चिडायला जावं तर तो संध्याकाळी स्वतःच्या हाताने चहा आणून देई आणि "गुडघ्याला काही लावता की नाही?" विचारी.

आता त्यांच्याकडे फिल्टर धुण्याचं काम आहे. जुनी गिऱ्हाइकं वर्षाकाठी फिल्टर घेऊन येतात; धूळ धुवायची, सावलीत वाळवायचा, मग कापडाच्या प्रत्येक घडीत बेताने लाल तेल सोडायचं. जास्त झालं तर ते इंजिनात जातं, कमी पडलं तर धूळ आत जाते. हे काम बसून करता येतं. बोटांना लाल डाग पडतात आणि नखांच्या कडांना रविवारीसुद्धा राहतात. त्या शिकवणाऱ्या बाई पुन्हा आल्या नाहीत. त्यांनी क्लच बदलला की नाही, त्यांचे विद्यार्थी चढ चढले की नाही, कळायला मार्ग नव्हता. वयस्कर गाडीवाले एक-दोघं मात्र मध्यंतरी विचारत आले, "इथे कुणी खरं मोजून देतं म्हणे?" त्यांना पत्रा दाखवून परत पाठवावं लागलं.

परवा एक गृहस्थ आले. बँकेतले वाटत होते, घडीचा सदरा, नवी गाडी. मालक फोनवर होता म्हणून ते सरळ भाऊजींच्या बाकापाशी आले आणि फिल्टर बोटाने दाबून बघू लागले.

"याने ताकद वाढते का हो, भाऊजी?"

भाऊजींनी तेलाची बाटली खाली ठेवली. "तुमच्या गाडीला एखादी हॉर्सपॉवर. तुम्हाला जाणवायचीही नाही. आवाज वाढतो."

"आवाज चांगला येतो?"

"येतो."

गृहस्थांनी मान डोलावली आणि लगेच गाडीची किल्ली बाकावर ठेवली. "मग बसवा," ते म्हणाले. भाऊजींनी फडक्याने बोटं पुसली, किल्ली उचलली आणि फिटरला हाक मारली.